सात नंबरची रांग

"सात," गेनूआबा म्हणाले आणि त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

माझं पेन वहीवर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. ताटात स्ट्रॉबेरीच्या फोडी होत्या, प्रत्येक फोडीखाली कागदाचा तुकडा, त्यावर एक ते अकरा आकडे. दोन हिवाळे मी या माणसासमोर अशी ताटं मांडत होते आणि दोन्ही हिवाळे त्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकला होता, 'न्हाई'.

"नक्की ना, आबा? पुन्हा एकदा खाऊन बघता?"

"कशाला? सात नंबर. लिव्ह."

मी लिहिलं. घाईत सात वाकडा आला.

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. पाचगणीच्या पुढे डोंगराच्या कुशीत माळवंडी नावाचं गाव आहे. तिथे गेनूआबा पार्टे यांच्या शेतात आमच्या संशोधन केंद्राचा एक प्रयोग चालू होता आणि तो माझ्याकडे होता. त्या भागात पिकणारी स्ट्रॉबेरी दिसायला देखणी होती, ट्रकमधून मुंबईपर्यंत टिकायची, पण खाल्ली की नुसतं लाल पाणी. आम्हाला चवीची आणि जास्त क जीवनसत्त्व असलेली जात तयार करायची होती. पहिल्या हिवाळ्यात मी चिमट्याने फुलांचे पुंकेसर काढून, ब्रशने दुसऱ्या जातीचा पराग लावून संकर केले. त्यांच्या बियांपासून पुढच्या वर्षी नऊशे रोपं झाली, आणि नऊशेच्या नऊशे एकमेकांपासून वेगळी. त्यातली साठ ठेवली. तिसऱ्या हिवाळ्यात साठांतून अकरा; त्या अकरांच्या फुटव्यांपासून प्रत्येकीची दीडशे रोपांची एक रांग केली. आता चौथा हिवाळा होता, आणि अकरांतून एकच पुढे न्यायची होती.

मी मंगळवेढ्याकडची. आमच्याकडे ज्वारी आणि करडई. स्ट्रॉबेरी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी बावीस वर्षांची होते, कृषी महाविद्यालयाच्या सहलीत. चांगली स्ट्रॉबेरी कशी लागते हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. गेनूआबांना ठाऊक होतं. इंग्रजांच्या काळात पोरवयात ते महाबळेश्वरच्या एका बंगल्याच्या बागेत कामाला होते. तिथल्या फळांबद्दल ते सांगायचे, "टोपली अजून फाटकाशी आसायची आन् वास सैपाकघरात पोचायचा." तो वास मी माझं ध्येय म्हणून कागदावर लिहून ठेवला होता. म्हणजे आबा 'हो' म्हणतील ते फळ, एवढंच माझ्या कागदावर होतं. त्यांच्या 'न्हाई'वरून मी कधी एखादं रोप टाकलं नाही, पण त्या शब्दाने दर वेळी उमेद जायची.

मला स्वतःला सात नंबर आवडत होती. पण माझ्या जिभेवर माझा भरवसा नव्हता.

हळबेसर दुसऱ्या दिवशी जीपने आले. ते आमच्या विभागाचे प्रमुख, साठीला टेकलेले, कमी बोलणारे. पिंपळाखाली खुर्ची टाकून त्यांनी माझं रजिस्टर पाहिलं. रोज सकाळी तोडणी झाली की प्रत्येक रांगेच्या फळांचं वजन मी त्यात मांडत असे.

"चार नंबर," ते म्हणाले. "दीडशे रोपांना दहा दिवसांत तेरा किलो. फळ घट्ट, गोडी बरी. सातचं काय? साडेआठ किलो. एक तृतीयांश कमी. असं पीक शेतकऱ्याला कसं सांगायचं लाव म्हणून?"

"सर, क जीवनसत्त्व सातमध्ये सगळ्यांत जास्त आहे. आणि आबांनी काल सात ओळखली."

"ओळखली म्हणजे?"

मी सांगितलं. बंगल्याची बाग, टोपली, वास, सगळं. सरांनी ऐकून घेतलं. मग जीपमधून एक पुडा काढला. येताना पाचगणीच्या रस्त्यावर घेतलेली साधी स्ट्रॉबेरी होती. त्यांनी स्वतः सुरीने तीन फळांच्या सारख्या फोडी केल्या, एक चारची, एक सातची, एक विकतची. तीन बशा, कुठेही आकडा नाही.

आबा ओसरीवरच होते. सून कांतावहिनी दारात उभी राहिली.

"आबा, यातली सात कुठली ते सांगाल?" सरांनी विचारलं.

आबांनी तिन्ही फोडी खाल्ल्या. सावकाश. मग विकतच्या बशीवर बोट ठेवलं.

सरांनी बशा उचलल्या, आत नेऊन पुन्हा मांडल्या. दुसऱ्यांदा आबांनी चार दाखवली. माझ्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा पाहून लगेच म्हणाले, "चुकलं वाटतं."

"असू दे आबा," सर म्हणाले. "वय झालं. माझंही आता मीठ कमी-जास्त कळत नाही." त्यांच्या बोलण्यात कुठेही टोचणी नव्हती, त्यामुळे मला जास्तच लागलं. जीपमध्ये बसताना ते मला म्हणाले, "रेवती, शनिवारपर्यंत चार सोडून बाकी रांगा काढून टाक. जमीन अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. तू वाईट काम केलेलं नाहीस."

जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग तरातरा ओसरीवर गेले.

"आबा, तुम्ही काल मला सात का सांगितलीत?"

त्यांच्याऐवजी कांतावहिनी बोलली.

"ताई, त्यांना रागावू नका. त्यांचा वास गेलाय. दोन पावसाळ्यांमागं बांधावरून पडले न्हवं का, डोक्याला टाकं पडलं, तवापासनं. चुलीवर भाजी करपली तरी समजत न्हाई त्यांना. तिखट आन् मीठ तेवढं कळतं."

"म्हणजे गेल्या वर्षी? साठ नमुने खाल्ले ते?"

"गेल्या साली बी न्हाई," आबा म्हणाले. "तू लई आशेनं ताट घिऊन यायचीस. मला येत न्हाई म्हणून सांगायला तोंड हुईना. न्हाई म्हणणं सोपं हुतं."

मी पायरीवर बसले. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. साठ फळं मी कापली होती, साठ चिठ्ठ्या लिहिल्या होत्या.

"मग काल 'हो' कशाला म्हणालात? कालही नाहीच म्हणायचं."

आबांनी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली, सांगू नका अशा अर्थाने. आबांनी तरी सांगितलं.

"मला काम न्हाई. दिसभर बांधावर बसून आसतो. सकाळच्याला बाया तोडायला येत्यात ते बघतो. चारच्या रांगंत हात भराभरा चालतो. पाचात, नवात, तसाच. सातच्या रांगंत आल्या की हात मंद हुतो. एक खुडायचं क्रेटात, एक तोंडात. रोज. समद्या साही जणी. ही बी." त्यांनी कांतावहिनीकडे बोट दाखवलं. "सहा बाया दोन म्हैनं एकाच रांगंतलं खात्यात, तर त्यात कायतरी आसंल का न्हाई?"

कांतावहिनीने पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडे पाहिलं तशी ती म्हणाली, "आमच्यातली सगुणा पोटुशी हाय, ताई. तिला सकाळचं काय टिकत न्हाई पोटात. तेवढं सात नंबर टिकतं."

"मग मला सांगायचं नाही का हे? दोन महिने मी वजनं लिहिते आहे, सातची वजनं कमी का येतात म्हणून मी मुळ्या उकरून पाहिल्या, माती तपासायला पाठवली."

आबा म्हणाले, अगदी हळू, "पारूला तू काढलीस. मग कोण सांगंल?"

मला क्षणभर आठवेना, आणि मग आठवलं.

नऊशे रोपांच्या वर्षी एकेका रोपाला चार-पाच फळं धरायची. एक जरी गेलं तरी नोंद चुकायची. मी सगळ्या बायकांना ताकीद दिली होती की प्रयोगाचं एकही फळ तोंडात घालायचं नाही. पारूबाई ढेबे नावाची एक बाई, खालच्या धनगरवाड्यातली, एका सकाळी खाताना मला दिसली. मी तिला सगळ्यांच्या देखत हाक मारली, हातातलं अर्धं फळ खाली टाकायला लावलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. तेव्हा मला ते बरोबरच वाटलं होतं. संध्याकाळी मी डायरीत लिहिलंही होतं, 'शिस्त लावली.'

"मी बायांचं नाव न घेता तुला सात सांगायला बघत हुतो," आबा म्हणाले. "मला वाटलं, माझ्या जिभंवर भागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीच्या आधी मी बायकांना एकत्र बोलावलं. सहाच जणी होत्या. कांतावहिनीने रात्रीच सांगून ठेवलं असणार, कारण सगळ्या खाली बघत होत्या. सगुणा तर पाटी घेऊन घरी जायच्या तयारीतच आली होती.

"सातची फळं तुम्ही खाता हे मला कळलंय," मी म्हणाले. "कुणाला काढणार नाही. उलट मला मदत हवी आहे. किती खाता ते मला मोजायचंय."

मग त्यांच्यातली थोराड बाई, लक्षुमबाई, म्हणाली, "मोजायचं कसं? खाल्लं ते गेलं."

"देठ तर ऱ्हातो," सगुणा म्हणाली. तिने बांधापलीकडे मान वळवली. मी जाऊन पाहिलं. करवंदीच्या जाळीखाली वाळलेल्या देठांचा थर पडला होता. रोज खाल्ल्यावर देठ तिथे फेकायचे, म्हणजे माझ्या नजरेला पडणार नाहीत.

मी अकरा रिकामे पनेट आणले, फळं भरून बाजारात पाठवतात ते प्लास्टिकचे छोटे डबे. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक ठेवला. "ज्या रांगेतलं खाल तिच्या डब्यात देठ टाका. हवं तेवढं खा. न आवडणारं खाऊ नका, माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नाही."

"आन् साहेब आले तर?" लक्षुमबाईने विचारलं.

"साहेबांना मीच सांगते."

माळवंडीत तेव्हा एकच फोन होता, दुधाच्या डेअरीत. मी सरांना सगळं सांगितलं. आबांचं नाक, बायकांचं खाणं, पारूबाई.

"म्हणजे सातचं वजन जे कमी दिसतंय ते झाडामुळे नाही," सर म्हणाले.

"असं मला वाटतं. सिद्ध करायला दहा दिवस द्या. तोवर रांगा राहू द्या."

"दहा दिवस घे. अकरावा नाही."

पहिल्या दोन दिवशी डब्यांत जेमतेम देठ पडले. बायकांना माझा विश्वास वाटत नव्हता. मी तोडणीच्या वेळी मुद्दाम रांगेजवळ गेले की हात आखडायचे. तिसऱ्या दिवशी मी गावातल्या माझ्या खोलीतच थांबले आणि आबांना म्हटलं, तुम्ही बसा बांधावर, मी येत नाही. दुपारी जाऊन पाहिलं तर सातच्या डब्यात अडतीस देठ होते.

दहा दिवसांनी सर आले तेव्हा मी अकरा डबे त्याच पिंपळाखाली ओळीने मांडले होते. देठ वाळून तपकिरी झाले होते. चारच्या डब्यात एकोणीस. बाकीच्यांत कुठे नऊ, कुठे तीसेक. सातचा डबा पुरला नव्हता म्हणून शेजारी दुसरा ठेवलेला. तीनशे एक्केचाळीस.

सरांनी खाली बसून सातचे देठ स्वतः मोजले. मला वाईट वाटलं नाही. मीही तेच केलं असतं.

"परवानगी मिळाल्यावर जास्त खाल्ली असतील," ते म्हणाले.

"मग क्रेटमधलं वजन आणखी घसरायला हवं होतं, सर. ते पूर्वीइतकंच आहे, साडेआठच्या आसपास. आधीही त्या एवढंच खात होत्या. तीनशे एक्केचाळीस फळं म्हणजे सव्वाचार-साडेचार किलो. मिळवा."

त्यांनी मनात मिळवलं. "तेरा."

"चारच्या बरोबरीला."

"बायकांना कुणी शिकवलं नाही ना, की सातच खा?"

कांतावहिनी पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "साहेब, तुमी दोन्ही खाऊन बघा. मंग आमाला इचारा."

सर उठून रांगेत गेले. मी मागे गेले नाही. लांबून दिसत होतं, त्यांनी चारमधलं एक खाल्लं, मग सातमध्ये गेले. तिथे ते बराच वेळ वाकलेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाच-सहा देठ होते. ते त्यांनी सातच्या डब्यात टाकले.

"चार आणि सात, दोन्ही पुढे ने," ते म्हणाले. "सात नरम आहे. मुंबईला जाणार नाही, हे ध्यानात ठेव. पण वाई-साताऱ्यापर्यंत जाईल. आणि इथल्या लोकांना खायला काय हरकत आहे?"

झालंही तसंच. चार नंबरने पुढे पुष्कळ नाव काढलं. सात नंबर मोठी कधी झालीच नाही. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांनी ती लावली, घराभोवती चार-चार वाफे केले. नंतरच्या माझ्या बहुतेक संकरांत मात्र एका बाजूला सात होती. सगुणाला मे महिन्यात मुलगी झाली. गेनूआबा आणखी सहा वर्षं जगले आणि शेवटपर्यंत रोज सकाळी बांधावर बसत राहिले. कुठल्या नव्या रांगेत हात मंद झाला ते मला सांगायचं काम मी त्यांना अधिकृतपणे दिलं होतं.

देठ मोजले त्या दिवशी जीपमध्ये बसण्याआधी सरांनी विचारलं, "ती दुसरी बाई, जिला तू काढलंस, ती कुठे असते?"

"खाली धनगरवाड्यात."

जीपमध्ये बसताना त्यांनी खालच्या वाटेकडे एकदा पाहिलं.

मी त्याच दुपारी उतरले. वाट दगडगोट्यांची होती आणि मला काय बोलायचं ते ठरवता येत नव्हतं. पारूबाई घराबाहेर म्हशीला पाणी दाखवत होती. मधल्या काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती, हे मला वाटेत कुणीतरी सांगितलं होतं. तिने मला पाहिलं, बादली खाली ठेवली आणि घोंगडी अंथरली.

"बसा."

"पारूबाई, मी चुकले," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर तुम्हाला तसं बोलायला नको होतं. कामावरून काढायला तर नकोच होतं. सोमवारपासून याल का?"

ती आत गेली. ताकाचा पेला घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. ती नंतर आली, पुढे अकरा वर्षं माझ्याकडे होती आणि माझ्या हाताखालच्या कितीतरी शिकाऊ मुलामुलींना तिने तोडणी शिकवली. पण त्या दुपारी तिने हो किंवा नाही म्हटलं नाही.

"रागावलात त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "कामावर मुकादम रोज रागावतो. पर त्या दिवशी तुमी एक इचारायला पायजे हुतं."

"काय?"

"कुठल्या झाडाचं खाल्लं, ते."

मी पेला खाली ठेवला.

"नऊशे झाडं हुती," ती म्हणाली. "समद्यांची फळं मी खुडायची, पहिल्या दिसापासनं. कधी एक तोंडात घातलं न्हाई. तुमची ताकीद हुती न्हवं. पर त्या एका झाडापाशी आलं की खुडलेलं क्रेटात टाकवंना. नळाकडची दुसरी रांग, कोपऱ्यापासनं तिसरं का चवथं. बारकंच फळ. हाताला दुसऱ्या दिवशी बी वास यायचा." तिने नकळत बोटं नाकाशी नेली. "ते हाय का अजून?"

पुढे साठ रोपं ठेवली होती, ती कुठकुठली ते मला तोंडपाठ होतं. नळाकडच्या रांगांतलं त्यात एकही नव्हतं. तिथल्या चाळीसच्या चाळीस रोपांवर मी एका बैठकीत रजिस्टरात आडवी रेघ मारली होती, आणि मजुरांनी ती उपटून बांधावर टाकली होती.

"नाही," मी म्हणाले. "ते काढून टाकलं."

पारूबाईने मान हलवली. म्हैस पाण्यातून तोंड काढून आमच्याकडे बघत उभी होती. पारूबाईने उठून बादली थोडी पुढे सरकवली आणि पुन्हा येऊन बसली.

"लई वासाचं हुतं, ताई," ती म्हणाली. "तुमी एकदा खायला पायजे हुतं."